चेंडू कोणी सोडला?

नोकरी सोडून कादंबरी लिहायला बसलो, तेव्हा एकाच आठवड्यात तिघांनी मला एकच किस्सा पाठवला. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामीचा. एप्रिल १९७८, टोकियोचं जिंगू स्टेडियम, बेसबॉलचा सामना, याकुल्ट स्वॅलोज विरुद्ध हिरोशिमा कार्प. डेव्ह हिल्टन नावाच्या अमेरिकन खेळाडूने सुरुवातीलाच दोन बेसचा फटका मारला. बॅटचा तो आवाज ऐकून प्रेक्षकांत बसलेल्या, जॅझ बार चालवणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या माणसाला वाटलं, आपण कादंबरी लिहू शकू. आणि त्याने लिहिली.

तिघांचाही हेतू चांगला होता. तूही बेसबॉल खेळायचास, तूही पोटापाण्याचं दुसरंच काहीतरी करत होतास, मग तुझंही होईल. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो, ते सोडा. खरी अडचण वेगळी होती. मी कॅचर होतो. बॅटचा खणखणीत आवाज कॅचरच्या कानापासून दोन हातांवर होतो, आणि तो ऐकू आला की समजायचं, आपण मागवलेला चेंडू वाया गेला. कॅचरला हवा असतो तो दुसरा आवाज, चेंडू मिटच्या, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्याच्या, खोबणीत घट्ट बसल्याचा. त्या आवाजाने कोणाला कादंबरी सुचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मला सुचली ती तिसऱ्याच आवाजाने. चेंडू मातीवर आपटला, मिटच्या कडेला घासला आणि मागच्या जाळीवर जाऊन आदळला, तो आवाज. तो ऐकल्यावर त्याबद्दलचं पहिलं खरं वाक्य लिहायला मला सव्वीस वर्षं लागली.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कॅचर म्हणजे विकेटकीपर नव्हे. विकेटकीपर चेंडूची वाट बघतो, कॅचर चेंडू मागवतो. साठ फूट सहा इंचांवर चेंडू टाकणारा पिचर उभा असतो. इकडे उकिडवं बसून, मांड्यांच्या आडोशाला बोटांनी खूण करायची. एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह, वळत खाली जाणारा चेंडू, तीन-चार म्हणजे त्या पिचरकडे आणखी जे काही असेल ते. मग मिट जिथे चेंडू हवा तिथे धरायचा. पिचर मान डोलावतो किंवा नकार देतो आणि मग टाकतो. नऊ इनिंगच्या सामन्यात हे सव्वाशे-दीडशे वेळा. मैदानावरचे बाकीचे आठ जण होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर जिच्याशी उभा असतो त्या पाटीकडे, तोंड करून उभे, कॅचर एकटा त्या आठांकडे तोंड करून. चेंडू टाकला जाताना बाकीच्या आठांनी दोन फाउल रेषांच्या आतच असायला हवं असा नियम आहे, त्याला अपवाद फक्त कॅचरचा. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीला गादी, नडग्यांवर ढाली. या सरंजामाला अमेरिकेत जुन्या काळापासून ‘अडाण्याची अवजारं’ म्हणतात. शहाणा माणूस हे अंगावर चढवणारच नाही, असा अर्थ.

मला तिथे बसायला फार आवडायचं. सगळं मैदान एका नजरेत. कोण दोन पावलं जास्त डावीकडे उभा आहे, कोणाचं लक्ष उडालंय, कोणाच्या खांद्यात आता जोर उरलेला नाही, सगळं दिसतं. कादंबरीकाराची जागा अशीच असते, असं पुढे मला एकाने समजावलं. सांगणाऱ्याने कधी मिट हातात घातला नव्हता आणि बहुधा कादंबरीही लिहिली नव्हती.

खेळ कॉलेजात सुरू झाला. नोकरी लागल्यावर रविवारच्या हौशी संघात चालू राहिला, आणि छत्तिसाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. नोकरीचा राजीनामा त्यानंतर अकरा वर्षांनी.

नोकरी नियोजन आणि अंदाजपत्रकाची. पुढच्या तिमाहीत काय होईल ते सांगायचं, आणि मागच्या तिमाहीत ते का झालं नाही ते समजावून द्यायचं. दुसरं काम जास्त कौशल्याचं. ते मला जमायचं, म्हणून हळूहळू कंपनीतलं अवघड लिखाण माझ्याकडे येऊ लागलं. तोट्याची कारणं, बंद पडलेले प्रकल्प, कपात. त्या लिखाणाचा पहिला नियम मला कोणी शिकवला नाही, तो हवेतच होता. वाक्यात कर्ता दिसता कामा नये. ‘वी हॅव डिसायडेड’ हेसुद्धा फार झालं. ‘इट हॅज बीन डिसायडेड’. मराठीत पत्रक काढायचं असलं की आणखी सोपं, कारण आपल्याकडे ‘ण्यात आले’ आहे. निर्णय घेण्यात आला आहे. पुनर्रचना करण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करण्यात येतो. खेदसुद्धा कोणाला वाटत नाही, तो नुसता व्यक्त होतो.

एका वर्षी त्रेचाळीस माणसांचा एक विभाग बंद झाला. बघा, सवय जात नाही. विभाग बंद झाला नाही, मी बंद केला. म्हणजे सही माझी नव्हती, पण कोणता विभाग गेला तर आकडे जुळतील, हे दाखवणारा तक्ता माझा होता आणि पत्रकाचा मसुदाही माझाच. त्या विभागातल्या एक ज्येष्ठ बाई होत्या, मला कामाला लागल्यापासून ओळखणाऱ्या. त्यांनी फोन करून विचारलं, “एवढंच सांगा, हे ठरवलं कोणी?” मी म्हणालो, “वरून आलंय.” वरून नव्हतं आलं. खालून, माझ्या टेबलावरून वर गेलं होतं.

त्या फोनने मला टोचणी लागली आणि मी नोकरी सोडली, असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. प्रत्यक्षात मी तिथेच पुढची सहा वर्षं काढली आणि दोन बढत्या घेतल्या. नोकरी सोडली ती ऐच्छिक निवृत्तीची योजना आली तेव्हा. तिचं पत्रकही मीच लिहिलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की अटींत मी स्वतः बसतोय.

पहिली कादंबरी मी जशी येत होती तशी लिहिली, म्हणजे तक्त्यात. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ. स्तंभ असे: पात्रं, घटना, शब्दसंख्या, स्थिती. झालं की हिरवा, अर्धवट असेल तर पिवळा, अडलं की लाल. हसू नका. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप पोस्ट खात्यात नोकरी करत करत पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, घड्याळ पुढ्यात ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. हे वाचलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चॅंडलरचंही मी पाठ करून ठेवलं होतं. तेल कंपनीतली नोकरी १९३२ मध्ये गेली, पहिली कादंबरी १९३९ मध्ये आली, तोवर पन्नाशी गाठलेली. म्हणजे सात वर्षं. मी माझ्या तक्त्यात तीन धरली होती.

सव्वादोन वर्षांत ३१० पानं झाली. सगळ्या ओळी हिरव्या. एका मोठ्या कंपनीतल्या अधिकाऱ्याची गोष्ट, त्याच्या हातून निसटत जाणारं आयुष्य वगैरे. मी ती ताईला वाचायला दिली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत जन्मभर मराठी शिकवलेलं. तिने तीन आठवडे घेतले. बाड परत आलं तेव्हा पानापानावर पेन्सिलच्या रेघा होत्या, आणि मला आधी वाटलं शुद्धलेखन असणार.

शुद्धलेखन नव्हतं. तिने क्रियापदांखाली रेघा मारल्या होत्या. ‘संबंध दुरावले.’ ‘काच फुटली.’ ‘बोलायचं राहून गेलं.’ ‘वेळ निघून गेली.’ ‘त्याच्याकडून शब्द दिला गेला.’

“अरे, हे काय लिहिलंयस?” ती म्हणाली. “ह्यात कोणी काही करतच नाही. सगळं आपलं आपण होतं. तीनशे पानांत एवढी काच फुटली, एकाने तरी फोडली का?”

मी म्हटलं, तो नायकाचा स्वभाव आहे, तो परिस्थितीच्या हाती सापडलेला माणूस आहे.

“नायकाचा नाही, तुझा,” ती म्हणाली. “लहानपणी पण तुझ्या हातून कधी काही सांडायचं नाही. ते सांडलेलं असायचं.”

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. म्हणजे रागावलो होतो. मग ते बाड घेऊन बसलो आणि तिच्या रेघा मोजल्या. मोजणं मला जमतं. ३१० पानांत ६४२. एवढ्या रेघांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, ‘होतं असं’. नायक ते बायकोला म्हणतो, मुलाला म्हणतो, हाताखालच्या माणसाला म्हणतो. हे मला कुठून सुचलं असेल, याचा विचार करत होतो आणि अचानक ती मातीवर आपटलेल्या चेंडूची जागा दिसली. होम प्लेटच्या पुढे वीतभर, जरा उजवीकडे.

आता ते सांगतो.

मी चोवीस वर्षांचा होतो. हौशी लीगचा अंतिम सामना, बघायला शंभरेक माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची. नववी इनिंग, बरोबरी, समोरच्या संघाची बॅटिंग. दोन बाद. एक रनर दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर, तो होम प्लेटला पोहोचला की धाव. पहिला बेस रिकामा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी सव्वीस वर्षं ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या बेसवर रनर आला की कॅचरची पंचाईत होते. तो रनर नेमका पिचरच्या पाठीमागून सरळ कॅचरच्या मांड्यांमध्ये बघत असतो. त्याला बोटं दिसतात आणि तो बॅटरला इशारा करू शकतो. म्हणून एक खूण न करता ओळीने तीन-चार खुणा करायच्या आणि त्यातली कोणती खरी ते आधीच ठरवून ठेवायचं. आमची ‘दुसरी खरी’ अशी ठरलेली होती. पण तो रनर सारखा टोपीला हात लावत होता, ते मला खटकलं. मी वेळ मागून माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, गेलो आणि आमच्या पिचरला म्हणालो, “दुसरी सोड. आता तिसरी खरी.” त्याने मान हलवली. पिचर माझा जवळचा मित्र, कॉलेजपासूनचा. त्याच्याएवढा कर्व्ह त्या लीगमध्ये कोणाकडे नव्हता.

पुढचे तीन चेंडू मला ते नीट आठवत होतं. दोन स्ट्राइक, एक बॉल. आता एक स्ट्राइक मिळाला की हा बॅटर तिसरा बाद, इनिंग संपली. मला फास्टबॉल हवा होता, उंच, छातीच्या रेषेत, बॅटर मोहात पडेल असा. मी बोटं दाखवली. तीन, एक, दोन.

दुसरी खूण एक. म्हणजे फास्टबॉल. जुन्या हिशेबाने.

त्याने तिसरी वाचली. दोन. कर्व्ह. ठरल्याप्रमाणे.

तो कर्व्ह अप्रतिम होता. अर्ध्या वाटेपर्यंत मला वाटत होतं तोच फास्टबॉल, आणि मी उंच चेंडूसाठी बुडाखालचे पाय ताणून वर उठत होतो. मग कोणीतरी खालून दोरी ओढावी तसा तो खाली गेला आणि प्लेटच्या आधी मातीत टप्पा घेतला. कर्व्ह येणार हे माहीत असतं तर मी दोन्ही गुडघे टेकून, हनुवटी छातीला लावून, अंगावर घेऊन तो अडवला असता. तसे चेंडू मी त्या दिवशीच डझनभर अडवले होते. बॅटरने बॅटही हलवली नाही. मिटच्या कडेला लागून चेंडू मागे गेला, जाळीवर आदळला. मुखवटा फेकून मी धावलो, उचलला, वळलो. आमचा पिचर नियमाप्रमाणे माउंडवरून पळत होम प्लेटवर आला होता आणि हात पुढे करून माझ्या चेंडूची वाट बघत होता. रनर त्याच्या पायांखालून घसरत गेला तेव्हा चेंडू अजून माझ्याच हातात होता.

सामना संपल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “तिसरी दोनच होती ना? का मी चुकीची धरली?”

मी म्हणालो, “जाऊ दे रे. होतं असं.”

बस, एवढंच. खोटं म्हणाल तर मी एक शब्दही खोटा बोललो नाही.

आता यातली वहीची, म्हणजे सामन्याच्या नोंदवहीची, बाजू बघा, कारण माझ्यासारख्या हिशेबी माणसाला बेसबॉल आवडला तो त्याच्या वहीमुळे. प्रत्येक जागेला आकडा आहे. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजवं क्षेत्र ९. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूने, अडवून दुसऱ्या बेसकडे आणि तिथून पहिल्या बेसकडे फेकून दोघांना बाद केलं की नुसतं ‘६-४-३’ लिहायचं. कोणी काय केलं ते तीन आकड्यांत. या नोंदपद्धतीला घडवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. त्या वहीत ‘एरर’ म्हणजे चुकांचा हिशेब असतो आणि तो नावानिशी असतो. मैदानावरच्या फलकावरही धावा, हिट्स आणि एरर असे तीन रकाने. क्रिकेटच्या धावफलकात सुटलेल्या झेलाला रकाना नाही. सगळ्या जगाने बघितलेला झेल सुटतो आणि कागदावर काही झालेलंच नसतं. मला वाटायचं, बेसबॉलमध्ये लपायला जागा नाही.

जागा आहे. कॅचरच्या मागे गेलेल्या चेंडूची दोन नावं आहेत. कॅचरने साध्या प्रयत्नात धरायला हवा होता असा चेंडू निसटला तर ‘पास्ड बॉल’, कॅचरच्या खात्यावर. पिचरने धरता येणार नाही असा टाकला तर ‘वाइल्ड पिच’, पिचरच्या खात्यावर. आणि चेंडूने कॅचरकडे पोहोचण्याआधी मातीला टप्पा घेतला असेल आणि तो आवरला गेला नसेल, तर वाइल्ड पिच लिहायचं असं नियमच सांगतो. आमच्या स्कोअररने तेच लिहिलं. त्याचं काही चुकलं नाही. खुणा त्याला दिसत नव्हत्या. पुढचाही हिशेब बिनचूक झाला. पास्ड बॉलवर आलेली धाव पिचरच्या अर्न्ड रनमध्ये, म्हणजे त्याच्या जबाबदारीच्या धावांत, धरत नाहीत, वाइल्ड पिचवर आलेली धरतात. शिवाय बेसबॉलमध्ये पराभवही एका पिचरच्या नावावर मांडला जातो. म्हणजे वाइल्ड पिच, अर्न्ड रन आणि पराभव, तिन्ही त्याच्या नावावर, आणि २ नंबरच्या खेळाडूसमोर त्या दिवशी एकही एरर नाही. नोंद नियमाने बरोबर, बेरीज बरोबर. अशी वही मी पुढे चोवीस वर्षं लिहिली.

मिकी ओवेनबद्दल मी नंतर वाचलं. तोही कॅचर, ब्रुकलिन डॉजर्सचा. ५ ऑक्टोबर १९४१, एबेट्स फील्ड, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, चौथा सामना. नववी इनिंग, डॉजर्स ४-३ ने पुढे, दोन बाद. यांकीजच्या टॉमी हेन्रिकने बॅट फिरवली आणि चेंडू चुकला. तिसरा स्ट्राइक, सामना संपला. पण चेंडू ओवेनच्या हातून निसटला. तिसरा स्ट्राइक कॅचरने धरला नाही तर अशा वेळी बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. हेन्रिक पळाला, पोहोचला. तिथून यांकीजनी चार धावा काढल्या, सामना ७-४ ने जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सिरीजही. पिचर ह्यू केसीने चेंडूला थुंकी लावली होती का, की भलताच कर्व्ह टाकला, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. ओवेनला तो आडोसा आयता मिळत होता. त्याने घेतला नाही. तो चेंडू मी धरायला हवा होता, असंच तो म्हणत राहिला. २००५ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला.

मला तो हेवा वाटण्याइतका आवडतो. हजारो माणसांनी बघितलेली चूक कबूल करणं सोपं असतं, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

ताईच्या रेघा मोजल्याच्या रात्री मी नवी फाइल उघडली, तक्ता नव्हे, आणि लिहिलं: ‘मी खूण चुकवली.’ वाक्य तीन शब्दांचं. कर्ता पहिलाच. पुढचं वाक्य लिहायला पहाट झाली.

मग मात्र तक्ता परत उघडला नाही. ३१० पानांतली सतरा-अठरा पानंच उरली, त्यात त्या फोनचं पान होतं. नवीन कादंबरीत दोन माणसं आहेत, एक कॅचर आणि एक पिचर, आणि कॅचर पुढे एका कंपनीत पत्रकं लिहितो. चेंडू हातातून सुटून मिटपर्यंत यायला आमच्या दर्जाच्या खेळात अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद माझ्याकडे आधी चार पानं झाला, मग अकरा, मग परत चार. ज्यांनी बेसबॉल पाहिलेलाच नाही त्यांना खुणांची भानगड कशी कळावी, यात एक उन्हाळा गेला. शेवटी कॅचर ती आपल्या लहान मुलीला जेवणाच्या टेबलावर शिकवतो असं केलं. ती त्याच्यापेक्षा लवकर शिकते आणि तिसऱ्या दिवशी त्याला पकडते. हे प्रकरण लिहिताना मला पहिल्यांदाच मजा आली. तोपर्यंत कादंबरी लिहिणं म्हणजे मजा असते हे मी ऐकून होतो.

नोकरीचा काहीच उपयोग झाला नाही असं म्हणणार नाही. माझा मसुदा कोणी खोडला तर मला वाईट वाटत नाही, चोवीस वर्षं सगळे खोडतच होते. ठरलेल्या दिवशी ठरलेलं काम देतो, हे बघून संपादकांना माझ्या आरोग्याची काळजी वाटली. दोन प्रकाशकांनी नाही म्हटलं, तिसऱ्यांनी हो म्हटलं. त्यातल्या एकाचं पत्र ‘आपले हस्तलिखित विचारात घेण्यात आले’ असं सुरू होत होतं. मी ते जपून ठेवलंय.

छापायला देण्याआधी ते बाड पिचरला पाठवायला हवं होतं. हे मला माहीत होतं आणि मी आठ महिने टाळत होतो. आमचं बोलणं तुटलेलं नव्हतं, वाढदिवसाला फोन, अधूनमधून फोटो, एवढं चालू होतं. पण त्या सामन्यानंतरच्या हंगामात त्याने खेळ सोडला होता, आणि तो कशामुळे सोडला हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या कादंबरीचा सगळा डोलाराच त्यावर उभा होता. पाठवताना सोबत एक चिठ्ठी लिहिली: ‘पान ५८ वाच. ते खरं आहे. मी खूण चुकवली होती, तू नाही.’

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी रात्री फोन.

“मला डावखुरा का केलंस?” हे त्याचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, कोणी ओळखू नये म्हणून.

“कर्व्ह डावखुऱ्याचा असा जात नाही. उलटा जातो. पान एकसष्ट, पान शहाण्णव. बदल.”

मी बदलतो म्हटलं. मग तो इकडचं तिकडचं बोलला आणि मीच न राहवून विचारलं, पान अठ्ठावन्नचं काय?

“हं. वाचलं.” थोडं थांबला. “मला वाटायचं तिसरी दोनच होती. मग तू काही बोलला नाहीस तेव्हा वाटलं, नसेल.” पुन्हा थांबला. “बरेच दिवस वाटत होतं. हे तू सांगायला हवं होतंस.”

मी म्हटलं, हो. सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

“पण ते शेवटचं प्रकरण चुकीचं आहे. मी त्या बॉलमुळे खेळ सोडला नाही. खांदा गेला होता. आधीच्या वर्षापासूनच दुखत होता, तुलाही सांगितलं नव्हतं, नाहीतर तू कर्व्ह मागवणं बंद केलं असतंस. एका बॉलसाठी कोण खेळ सोडतं?”

म्हणजे सव्वीस वर्षं मी जे ओझं वाहत होतो त्यातलं अर्धं माझं नव्हतंच, आणि त्याच्याकडेही एक न सांगितलेली गोष्ट होती, माझ्या खुणेइतकीच जुनी. मला हायसं वाटायला हवं होतं. आधी वाटला तो राग, की शेवटची चाळीस पानं गेली. मग वाटलं, गेली तर गेली. शेवट मी बदलला. कादंबरीतल्या पिचरचा खांदा आता तिसऱ्या प्रकरणापासून दुखतो आणि वाचकाला ते कॅचरच्या आधी कळतं.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “एक विचारू? पहिला बेस रिकामा होता.”

“हो.”

“दोन बाद, दुसऱ्या-तिसऱ्यावर रनर, बरोबरी. तो बॅटर त्यांचा सगळ्यात चांगला. त्याला चार बॉल बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर का नाही सोडला? पुढचा पोरगा सकाळपासून एकदाही मारू शकला नव्हता. सगळे बेस भरले असते, कुठेही बाद करता आला असता. हे तू माउंडवर आलास तेव्हा बोलशील असं मला वाटलं होतं. तू खुणांचंच घेऊन बसलास.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ‘त्या वेळी सुचलं नाही’ असं येत होतं, पण सुचलं नाही म्हणजे कोणाला, ते आत नव्हतं. तो पलीकडे वाट बघत होता. मी कागद ओढला, हिऱ्याचा आकार काढला, तीन बेसवर टिंबं दिली आणि म्हटलं, “थांब, त्यांची बॅटिंगची ऑर्डर सांग. सातवा कोण होता?”